बारा ग्रॅम नाचणी

अण्णांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, तीन महिन्यांची शुगर मार्चमध्ये ७.२ होती आणि सप्टेंबरमध्ये ८.१ आली. डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला, चष्मा वर केला आणि विचारलं, "काका, गोड काय चाललंय सध्या?" अण्णा एकदम ताठ बसले. म्हणाले, "काही नाही. चहा बिनसाखरेचा. बिस्किटंसुद्धा नाचणीची." डॉक्टर हसले, कुत्सित नाही, रोज तेच ऐकणारा माणूस हसतो तसं. "किती खाता?" "चार सकाळी, चार संध्याकाळी. नाचणीचीच आहेत हो." डॉक्टर म्हणाले, पुढच्या वेळी पुडा घेऊन या.

आता सगळं खापर बिस्किटांवर फोडण्यात अर्थ नाही, उन्हाळाभर अण्णांचं चालणं बंद होतं आणि आंबेही झाले होते (ते आंबे ते मोजत नाहीत, आंबा हा त्यांच्या मते गोड पदार्थांत येतच नाही). पण ती बिस्किटं आणणारी मी. दर महिन्याच्या सामानात पंधरा पुडे, न चुकता. आणि आणताना मला दरवेळी बरं वाटायचं, हे खरं दुखणं. साधा ग्लुकोजचा पुडा ट्रॉलीत टाकताना जरा चोरटं वाटतं, तसं याचं नव्हतं, हा पुडा मी मुद्दाम वर दिसेल असा ठेवायचे.

पुडा बघण्यासारखा होता. तपकिरी, गोणपाटासारखं टेक्स्चर, हात लावला की खडबडीत लागेल असं वाटायचं, अर्थात प्लास्टिकच. मधोमध नाचणीचं कणीस, बोटं मिटत आलेल्या मुठीसारखं, अगदी नीट काढलेलं, शेजारी मातीचं भांडं आणि एक लाकडी चमचा. खाली 'आजीच्या स्वयंपाकघरातून' छापाचं काहीतरी. वर कोपऱ्यात हिरवं पान, त्यात 'सोर्स ऑफ फायबर', आणि दुसऱ्या कोपऱ्यात 'झिरो कोलेस्टेरॉल'. मागे काय लिहिलंय ते मी सहा महिने वाचलं नव्हतं. वाचलं ते माझ्या आईनं.

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यामुळे ती महिनाभर आमच्याकडे पुण्यात होती, आणि ऑपरेशन झाल्यापासून तिला सगळं फारच स्पष्ट दिसायला लागलंय, म्हणजे फ्रीजमागची जळमटं, माझे पांढरे केस वगैरे. डॉक्टरांकडून आल्यावर मी चिडून पुडा ओट्यावर आपटला, तर तिनं उचलून उलटा केला आणि बारीक अक्षरं शाळेतल्या मुलीसारखी मोठ्यानं वाचायला लागली. मैदा. साखर. पाम तेल. मग नाचणीचं पीठ, कंसात १२ टक्के. मग गव्हाचा कोंडा, कंसात २ टक्के. मग मीठ, सोडा, आंबटबिंबट, नंबर आणि 'निसर्गासमान' वास.

"चौथ्या नंबरावर आहे गं नाचणी," आई म्हणाली. "फोटोत तर एकटीच आहे."

घटकांची यादी उगाच कशीही लिहिलेली नसते, जे वजनानं जास्त ते आधी, असा नियमच आहे. आणि कंसातला टक्का कंपनी काही प्रामाणिकपणाच्या उमाळ्यानं छापत नाही. एफएसएसएआयचा, म्हणजे खाद्यपदार्थांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा, नियम आहे की पाकिटावर एखाद्या घटकाचं नाव किंवा चित्र ठळकपणे मिरवलं असेल तर तो माल बनवताना किती टक्के घातला ते लिहायचं. म्हणजे समोर कणीस छापलं की मागे कंस आलाच. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. नंतर शोधून वाचलं, आणि तेव्हापासून दुकानात गेले की मी माल बघत नाही, कंस बघते.

पण बारा टक्के म्हणजे डोळ्यांसमोर काही येत नाही ना. म्हणून मी त्या दिवशी एक उद्योग केला. पुडा १०० ग्रॅमचा होता, हिशेब सोपा. केकसाठी घेतलेला छोटा वजनकाटा काढला आणि ओट्यावर चार वाट्या मांडल्या. नाचणीचं पीठ घरात होतंच, बारा ग्रॅम घेतलं. साखर पोषणाच्या तक्त्यात होती, २३ ग्रॅम. फॅट १७, तेवढं तेल (आमच्याकडे पाम नाही, शेंगदाण्याचं घेतलं). कोंडा दोन ग्रॅम, म्हणजे चिमूट, तो नाचणीच्याच वाटीत टाकला. किरकोळ गोष्टी सोडून उरलेला मैदा, वजाबाकीनं ४४ च्या आसपास. अण्णा टीव्ही सोडून बघायला आले, लेक मोबाइल घेऊन फोटो काढायला आला, आई हाताची घडी घालून उभी.

मैद्याची वाटी भरून वर शीग. साखर अर्ध्या वाटीच्या थोडी खाली. तेल वाटीत हललं की चांगलंच दिसत होतं. आणि नाचणी, ती वाटीच्या बुडाला. सपाट चार चमचे, बोटानं रेघ ओढली तर स्टील दिसेल एवढी.

आई म्हणाली, "एवढ्यात तर तवासुद्धा झाकत नाही."

खरंय. नाचणीच्या एका भाकरीला माझ्या हातानं साठ ग्रॅम पीठ लागतं, आईच्या हातानं जास्तच. म्हणजे एका भाकरीएवढी नाचणी पोटात जायला अण्णांनी पाच पुडे खायला हवेत, आणि त्या पाच पुड्यांबरोबर ११५ ग्रॅम साखर. नाचणीचं नाव आहे ते कॅल्शियमसाठी, १०० ग्रॅममध्ये साधारण ३५० मिलिग्रॅम, गव्हाच्या आठ-दहा पट. एका भाकरीत दोनशेच्या आसपास, पेलाभर दुधाच्या जवळ जाणारं. अख्ख्या पुड्यात चाळीसेक. अण्णा दिवसाला आठ बिस्किटं खायचे, पुड्यात सोळा असतात, म्हणजे रोज सहा ग्रॅम नाचणी आणि साडेअकरा ग्रॅम साखर. साडेअकरा म्हणजे चहाचे जवळजवळ तीन चमचे. चहातली साखर बंद केली होती ना आपण, ती बिस्किटातून परत घरात आली, आणि तीही मागच्या दारानं नाही, समोरून, ओवाळून घेतलेली.

आणि पैशाचा हिशेब तर मी करायलाच नको होता. पुडा ४० रुपयांचा. केंद्रानं २०२५-२६ च्या खरिपासाठी नाचणीचा हमीभाव जाहीर केला तो क्विंटलला ४,८८६ रुपये, म्हणजे किलोला एकोणपन्नास. बारा ग्रॅमचे होतात साठ पैसे. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याचा सत्तर रुपये किलोचा भाव धरला तरी चौऱ्याऐंशी. चाळीस रुपयांच्या पुड्यात रुपयाभराचीसुद्धा नाचणी नाही, बाकीचे पैसे त्या कणसाच्या चित्राचे.

यातली सगळ्यात मजेची गोष्ट म्हणजे तो २ टक्के कोंडा. गव्हाच्या दाण्यात कोंडा असतो चौदा-पंधरा टक्के, कोंब अडीच-तीन टक्के, बाकी आतला पांढरा भाग. मैदा करायचा म्हणजे कोंडा आणि कोंब दोन्ही काढून टाकायचे. अख्ख्या गव्हाच्या कणकेत १०० ग्रॅमला अकरा ग्रॅमच्या आसपास तंतू असतात, मैद्यात पावणेतीन राहतात. आता पाकिटावर 'सोर्स ऑफ फायबर' लिहायला नियमानं १०० ग्रॅमला ३ ग्रॅम पुरे होतात. तर आधी गव्हातून सगळा कोंडा काढायचा, आणि मग त्यातलाच चिमूटभर परत टाकून हिरव्या पानात फायबर लिहायचं. घरचं धान्य विकून येताना बाजारातून मूठभर विकत आणावं आणि गावभर सांगावं, तसं.

'झिरो कोलेस्टेरॉल'चं तर बोलायलाच नको. कोलेस्टेरॉल प्राण्यांकडून येतं. मैदा, साखर आणि पाम तेलात ते नसतंच, कुणी काढलेलं नाही. उद्या कुणी मिठाच्या पिशवीवर 'हाडं काढलेली' असं छापलं तर ते जितकं खरं, तितकंच हे खरं.

माझं माहेर संगमेश्वरकडचं. आमची भाताची खाचरं थोडी खाली वहाळाच्या बाजूला आणि वर डोंगरउतारावर वरकस. वरकसात नाचणी आणि वरी. मी लहान असताना हे असं साधं गणित होतं की खाली पिकतं ते पाहुण्यांचं आणि वर पिकतं ते आपलं. पावसात नाचणीचं रोप लावताना आजी आणि काकू इरली घेऊन उतारावर वाकलेल्या असायच्या, आणि दसऱ्याच्या पुढेमागे कणसं खुडायची, ती सगळी एकदम पिकत नाहीत त्यामुळे परत परत जायचं. मळून, पाखडून घरात आली की वर्षभर पुरायची, किडत नाही फारशी, हा तिचा मोठा गुण. पण मुंबईहून कुणी आलं की नाचणीची भाकरी पानात वाढायची नाही. मागच्या पडवीत आम्ही खायचो, कुळथाच्या पिठल्याबरोबर, आणि समोर पाहुण्यांना भात. आजीला कुणी विचारलं असतं की तुझ्या स्वयंपाकघरातलं काय छापू पुड्यावर, तर तिनं लाजून भाताचं भांडं पुढे केलं असतं.

म्हणून २०२३ साली जेव्हा आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष आलं, संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या प्रस्तावावरून ते जाहीर केलं होतं, आणि त्याच वर्षीच्या बजेटमध्ये अर्थमंत्र्यांनी या धान्यांना 'श्री अन्न' म्हटलं, तेव्हा आई टीव्हीसमोर बसून बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आमच्यावेळी दरिद्री अन्न होतं. आता श्री लागलं." मला तेव्हा आनंद झाला होता, उगाच खोटं का बोलू. वाटलं की चला, वरकसाला भाव आला. झालं असं की श्री लागलं नावाला आणि नाव लागलं पुड्याला. आमच्या वरकसात आज काजू आहे आणि उरलेल्यात रान. ज्या भावकीत अजून नाचणी लावतात ते घरापुरती लावतात, कारण माकडं आणि डुकरं यांच्यातून उरली तर आपली.

मग मैदाच का, नाचणी ५० टक्के का नाही, हा प्रश्न लेकानं विचारला. (तो इंजिनीअरिंगला आहे, त्याला प्रत्येक गोष्टीचं ऑप्टिमायझेशन हवं असतं.) त्याचं उत्तर लबाडी एवढंच नाही. नाचणीत ग्लुटेन नाही, त्यामुळे पीठ एकमेकाला धरत नाही. भाकरी थापताना उकड काढली नाही तर कडा फुटतात ते यामुळेच. मशीनवर पातळ लाटून, छाप मारून, मिनिटाला शेकडो बिस्किटं काढायची तर धरून ठेवणारं काहीतरी हवं, ते मैदा देतो, आणि नाचणी वाढवली की बिस्किट भुसभुशीत होऊन पुड्यातच चुरा होणार. दुसरं कारण टिकण्याचं. अख्ख्या धान्यात तेल असतं, कोंबात विशेष. दळलं की ते हवेला लागतं आणि खवट व्हायला लागतं. बाजरीचं पीठ आठ-दहा दिवसांत कडसर होतं हे आपल्या बायकांना कुणी शिकवावं लागत नाही, म्हणून तर बाजरीचं दळण थोडं थोडं टाकतात. आता जो माल फॅक्टरीतून गोडाऊन, गोडाऊनमधून ट्रक, ट्रकमधून दुकान असा फिरून सहा महिने कुरकुरीत राहायला हवा, त्यात जिवंत काही चालत नाही. मैदा, साखर, पाम तेल, तिघंही मरून पडलेले, म्हणून टिकतात. नाचणी त्यात जेवढी मावेल तेवढी. म्हणजे बिस्किट नाचणीचं होऊच शकत नाही असं नाही, छोट्या बेकऱ्या करतात, पण ते महाग पडतं, लवकर संपवावं लागतं आणि चहात बुडवलं की गळून पडतं, अण्णांना चालत नाही.

तर पुढच्या शनिवारी मी आईला घेऊन मॉलमध्ये गेले. तिला उत्साह, मला सूड घ्यायचा होता. दीड तास आम्ही एकाच रांगेत होतो, तिथला पोरगा दोनदा विचारून गेला की मॅडम काही हवंय का.

ब्राऊन ब्रेड उचलला. बऱ्याच पाकिटांत पहिला घटक मैदा आणि शेवटी कुठेतरी रंग १५०ए, म्हणजे कॅरॅमल, जळवलेली साखर. ब्राऊन कशामुळे ते कळलं. शेजारीच खरं कणकेचं पाकीट पण होतं, पहिल्याच नंबरावर गव्हाचं अख्खं पीठ, आणि दिसायला ते पहिल्यापेक्षा फिकं होतं! डोळ्यांनी निवडायचं ठरवलं तर माणूस हमखास चुकीचं उचलणार. मल्टिग्रेन आटा घेतला, समोर सहा धान्यांच्या सहा ढिगांचा फोटो, सगळे सारख्या आकाराचे, मागे गहू ९० टक्क्यांच्या वर आणि उरलेल्यात बाकीची पाचही धान्यं दाटीवाटीनं बसलेली. मसाला ओट्स, त्यात ओट्स आहेत बाबा खरंच, पण मीठही आहे. मिलेटचे नूडल्स. मिलेटचे चोको फ्लेक्स, ज्यात साखर तीन नावांनी बसली होती, साखर, लिक्विड ग्लुकोज आणि इन्व्हर्ट सिरप, तिघी वेगवेगळ्या मोजल्या की एकटी कुणीच पहिल्या नंबरावर येत नाही. ही युक्ती मला फार आवडली, म्हणजे दाद द्यावीशी वाटली, एकत्र कुटुंबात रेशनकार्डं वेगळी काढतात तसं. 'भाजलेला, तळलेला नाही' असा चिवडा, ज्याच्या घटकांत तेल तिसऱ्या नंबरावर. आई म्हणाली, भाजून मग तेलात लोळवला असेल.

आणि 'एका सर्व्हिंगमध्ये फक्त ९० कॅलरी'. सर्व्हिंग म्हणजे दोन बिस्किटं. दोन बिस्किटं खाऊन पुडा बंद करणारा माणूस मला अजून भेटायचाय.

एक मात्र सांगते, की हे सगळं आम्हाला कळलं ते पाकिटावर लिहिलेलं होतं म्हणूनच. खोटं असं तिथे फार थोडं असतं. समोरचा फोटो खरा, मागचा कंसही खरा, दोन्हींच्या मध्ये आपण उभे, घाईत, चष्मा घरी. म्हणून समोरच काहीतरी ठसठशीत लिहा ही मागणी कितीतरी वर्षं चाललीय. चिलीमध्ये २०१६ पासून साखर, मीठ, सॅच्युरेटेड फॅट जास्त असेल तर समोर काळा अष्टकोनी शिक्का मारावाच लागतो, वाचता न येणारं पोरही ओळखतं. आपल्याकडे एफएसएसएआयनं सप्टेंबर २०२२ मध्ये मसुदा काढला तो ताऱ्यांचा, अर्ध्यापासून पाच तारे. त्यात साखर-मीठ-सॅच्युरेटेड फॅटचे गुण एका बाजूला आणि तंतू, प्रथिनं, फळं, दाणे, डाळी, भरडधान्यं यांचे गुण दुसऱ्या बाजूला, त्यांची वजाबाकी. वाचायला बरं वाटतं, पण मग माझ्या ओट्यावरची ती चौथी वाटी आठवते. बारा ग्रॅम नाचणी तेवीस ग्रॅम साखरेची किती पापं धुणार? मामला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला.

त्यातल्या त्यात जीएसटी कौन्सिलनं एकदा काम चोख केलं होतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांनी भरडधान्याच्या पिठाच्या मिश्रणांवरचा कर उतरवला, सुटं विकलं तर शून्य आणि पाकिटबंद विकलं तर ५ टक्के, पण अट अशी की वजनानं किमान ७० टक्के भरडधान्य हवं. बघा, जिथे सरकारचे स्वतःचे पैसे जाणार होते तिथे बरोबर सत्तर सुचलं. बिस्किटांवरचा १८ टक्के कर मात्र सप्टेंबर २०२५ मध्ये सरसकट ५ वर आला, त्यात नाचणी असो नाहीतर नुसतं नाचणीचं चित्र असो.

अण्णा हे सगळं ऐकत असतात आणि मग त्यांचं स्वतःचं सुरू होतं. ते सांगोल्याकडचे, १९७२ च्या दुष्काळात दहावीला होते. शाळा सुटली की दुष्काळी कामावर, खडी फोडायला. तिथे सुकडी मिळायची आणि रेशनवर मिलो, अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी. "ती भाकरी थापली जायची नाही आणि गिळली जायची नाही. तिकडे म्हणे जनावरांना घालतात, असं सगळे म्हणायचे. पण पोत्यावर कसलं चित्र नव्हतं. मिलो म्हणून दिली, मिलो म्हणून खाल्ली." मग थोडं थांबून, "तेव्हा शाळूची भाकरी म्हणजे सोनं होतं. आणि आता घरात शाळू आहे तर मी बिस्किटं खातोय." हे शेवटचं वाक्य माझ्याकडे बघून होतं की नव्हतं ते मला अजून कळलेलं नाही.

कारण माझीही बाजू आहे. मी साडेसातला घरी येते. भाकरी म्हणजे पाणी उकळा, उकड काढा, मळा, थापा, तव्यावर पाणी फिरवा, फुगेपर्यंत तिथेच उभे राहा, आणि चार माणसांच्या आठ भाकऱ्या करून होईपर्यंत पहिली गार. दळणाचा डबा तर वेगळाच. आमच्या इथे एकच गिरणी उरलीय, गिरणीवाले काका नाचणी आठवड्यातून एकदाच घेतात, कारण आधी गहू दळला असेल तर पहिलं पसाभर बाजूला काढावं लागतं आणि नंतर कुणाचा गहू लालसर आला तर भांडण. आई म्हणते, पूर्वी आम्ही करत नव्हतो का. करत होतात. पहाटे चारला उठून करत होतात, आणि तेव्हा त्याला कुणी श्री म्हटलं नाही. हे पुडे विकणाऱ्यांना माझी साडेसातची वेळ बरोबर माहीत आहे, त्यांनी मला बिस्किट विकलंच नाही, भाकरी न केल्याबद्दलची माफी विकली, चाळीस रुपयांत. आणि मी दर महिन्याला पंधरा माफ्या घ्यायचे.

पूर्वीचं सगळं शुद्ध होतं असंही नाही हां. माझ्या लेकाला आईनं जे नाचणीसत्त्व करून दिलं होतं, भिजवून, मोड आणून, वाळवून, दळून, ते शेवटी वस्त्रगाळच केलं होतं, म्हणजे कोंडा फडक्यात आणि पांढरं खाली. मोड आणल्यानं अंगी लागतं जास्त, ते खरं, पण चाळायचं आपण घरातही चाळतोच. पोळ्या पांढऱ्या याव्यात म्हणून कणीक मैद्याच्या चाळणीनं चाळणाऱ्या बायका मी आमच्याच बिल्डिंगमध्ये दाखवीन.

आणि ग्लुकोज बिस्किटांविषयी मला आता उगाच माया वाटायला लागलीय. लोकलनं पार्ल्यावरून जाताना तो भाजल्याचा गोड वास यायचा, १९२९ पासूनची फॅक्टरी, २०१६ मध्ये बंद झाली. पार्ले-जीमधला जी म्हणजे ग्लुकोज. सरळ नावातच सांगितलंय की बाबा यात साखर आहे. नंतर जी म्हणजे जीनियस झालं जाहिरातीत, पण तरी त्याच्यावर कणीस नव्हतं, एक गुटगुटीत पोरगी होती.

हं, तर त्या चार वाट्या. त्या दिवशी फोटो काढून झाले, अण्णा परत टीव्हीपुढे गेले, मी ऑफिसच्या कॉलवर. कॉल संपवून आले तर ओटा रिकामा आणि कढईत तेल तापलेलं. आईनं चारही वाट्या एका परातीत उलट्या केल्या होत्या, वर थोडं दूध, चिमूटभर मीठ, आणि लाटून कातण्यानं कापत होती. अन्न टाकायचं का म्हणून. अंगठ्याएवढ्या शंकरपाळ्या, लालसर, मूठ-दीड मूठ झाल्या असतील एकूण.

लेक तळणीतूनच उचलून खात होता. "आजी, भारी! काय आहे हे?"

"बिस्किटंच आहेत," आई म्हणाली. "डब्यावर नाचणी लिहू का?"

आतून अण्णांचा आवाज आला, विहीणबाई, आमच्या दोन बाजूला ठेवा.